घटस्फोटानंतर फॅमिली पेन्शन कोणाला? सही करायच्या आधी आणि माणूस गेल्यावर काय काय करायचं, सगळं एका जागी

आधी कडू गोष्ट सांगून टाकतो. आपल्याकडे कोर्टातून घटस्फोट झाला की बायकोला नवऱ्याच्या मागे फॅमिली पेन्शन मिळत नाही, बायको नोकरीला असेल तर नवऱ्याला मिळत नाही. पंचवीस वर्षं संसार केला, त्याच्या बदल्यांमागे चार गावं फिरलात, सासू-सासऱ्यांचं शेवटपर्यंत केलंत, तरी नाही. पेन्शनच्या नियमात लग्नाची वर्षं मोजतच नाहीत, माणूस गेला त्या तारखेला तुमचं कायद्याने नातं काय होतं एवढंच बघतात. त्या दिवशी तुम्ही कायदेशीर पत्नी असाल तर विधवा म्हणून पेन्शन, नसाल तर नाही.

आता हे वाचून बरेच जण इथेच सोडून देतात आणि तिथेच घोळ होतो, कारण या एका वाक्याच्या आत इतकी पोटकलमं आहेत की कित्येकींचा हक्क शाबूत असतो आणि त्यांना माहीतच नसतं, आणि मुलांचा तर जवळजवळ नेहमीच असतो. लोक कागद घेऊन येतात तेव्हा मी पहिला प्रश्न एकच विचारतो, डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, आहे का आणि कुठल्या तारखेची. बाकी सगळं नंतर.

पहिलं काम: घटस्फोट खरंच झालाय का ते बघा

हसू नका. आपल्या गावाकडे अजूनही शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहितात, दोन्हीकडचे चार मोठे लोक सह्या करतात, नोटरीचा शिक्का मारतात, आणि झाला घटस्फोट म्हणून माणूस दुसरं लग्न करून मोकळा होतो. हिंदू विवाह कायद्याखाली असा कागद म्हणजे घटस्फोट नाही. समाजाच्या रूढीप्रमाणे झालेली काडीमोड कायदा मान्य करतो, कलम २९ मध्ये तशी सोय आहे, पण ती रूढी खरंच आहे आणि जुनी आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं, नुसतं आमच्यात असंच चालतं म्हणून भागत नाही.

याचा अर्थ काय, तर ज्या बाईला पंधरा वर्षांपूर्वी स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी देऊन माहेरी पाठवलं ती आजही कायद्याने त्याची बायको असू शकते आणि तो गेल्यावर फॅमिली पेन्शनचा पहिला हक्क तिचा. उलट बाजूने, जिच्याबरोबर तो पंधरा वर्षं राहिला, जिने आजारपण काढलं, तिचं लग्नच कायद्यात बसत नाही म्हणून तिला शून्य. पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न बेकायदेशीर, आणि अशा दुसऱ्या बायकोला पेन्शन नाही हे कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. तिची मुलं मात्र यात भरडली जात नाहीत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ ने ती औरस धरली जातात आणि २००० साली सुप्रीम कोर्टाने बिहारच्या एका केसमध्ये बायको नाही पण मुलं फॅमिली पेन्शनला पात्र असाच निकाल दिला.

केस चालू असताना माणूस गेला तर? खूप जण विचारतात हे. घटस्फोटाचा अर्ज पेंडिंग असताना दोघांपैकी एक वारला तर अर्ज तिथेच संपतो, कारण लग्न आता मृत्यूने संपलंय. म्हणजे मागे राहिलेली बाई विधवा आणि पेन्शन तिची. सहा वर्षं कोर्टात एकमेकांवर काय वाट्टेल ते आरोप केले असतील तरीसुद्धा. सासरची मंडळी ऑफिसात जाऊन सांगतात की हिचा तर घटस्फोट चालला होता, ऑफिसातला क्लार्क पण दबकतो, पण "चालला होता" आणि "झाला" यात फरक आहे आणि पेन्शनला फक्त "झाला" कळतं.

एकतर्फी डिक्री असेल तर जरा नीट बघा. नोटीस चुकीच्या पत्त्यावर पाठवून, पेपरात जाहिरात देऊन, बाईला पत्ता न लागू देता एक्स पार्टी घटस्फोट घेतलेला असतो आणि तिला हे कळतं नवरा गेल्यावर, पेन्शनच्या काउंटरवर. अशी डिक्री रद्द करून घ्यायला दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ९ रूल १३ आहे. डिक्रीपासून ३० दिवस, आणि समन्स नीट बजावलंच नसेल तर डिक्री कळल्यापासून ३० दिवस. आणि महत्त्वाचं म्हणजे नवरा वारल्यानंतरही हा अर्ज करता येतो, १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय, कारण ती विधवा ठरणार की घटस्फोटिता यावर तिचे बाकीचे हक्क अवलंबून असतात. त्यामुळे कळलं की त्याच आठवड्यात वकील गाठा, दिवसकार्य आटपू दे मग बघू असं करत ३० दिवस कधी जातात समजत नाही.

आणि न्यायिक विभक्तता, म्हणजे ज्युडिशियल सेपरेशन, म्हणजे घटस्फोट नाही. लग्न कायम राहतं, फक्त एकत्र राहायची सक्ती संपते. केंद्र सरकारच्या पेन्शन नियमांत कुटुंबाच्या व्याख्येत विभक्त पती-पत्नी स्पष्ट लिहिलेत. अपवाद एकच, विभक्तता व्यभिचाराच्या कारणावर मिळाली असेल आणि मागे राहिलेली व्यक्तीच त्यात दोषी ठरलेली असेल तर मिळत नाही. आणि मुलं असतील तर पेन्शन विभक्त जोडीदाराला मिळते ती मुलांचा पालक तो असेल तर, मुलं दुसऱ्याच्या ताब्यात असतील तर पैसे त्या पालकाकडे जातात.

दुसरं काम: पेन्शन नेमकी कुठली आहे

"पेन्शन" या एका शब्दाखाली पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीचा नियम वेगळा. कर्मचाऱ्याचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, किंवा पगाराची स्लिप बघितली की कळतं.

केंद्र सरकारच्या जुन्या पेन्शनला आता २०२१ चे केंद्रीय नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम लागतात, त्याआधी १९७२ चे होते, फॅमिली पेन्शन तेव्हा नियम ५४ मध्ये होती आता नियम ५० मध्ये आहे. दर साधा आहे, शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के, कमीत कमी ९,००० रुपये, वर महागाई भत्ता. सुरुवातीची काही वर्षं वाढीव दराने ५० टक्के मिळते, नोकरीत असताना मृत्यू झाला तर १० वर्षं, रिटायर झाल्यावर झाला तर ७ वर्षं किंवा तो माणूस ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. रेल्वे आणि संरक्षण खात्याचे नियम स्वतंत्र आहेत पण गाडा साधारण याच रुळावरून चालतो.

महाराष्ट्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम १९८२, त्यातला नियम ११६ फॅमिली पेन्शनचा. इथे एक सावधगिरी, केंद्राचं एखादं नवं परिपत्रक व्हॉट्सॲपवर फिरत येतं आणि लोक ते घेऊन ट्रेझरीत जातात. केंद्राने बदल केला म्हणून राज्यात आपोआप लागू होत नाही, राज्याचा स्वतःचा जीआर लागतो. त्यामुळे राज्य कर्मचारी, शिक्षक, झेडपीवाले यांनी खाली मी केंद्राचं जे सांगतोय ते वाचून आपल्या नियमात तसं कलम आहे का हे ऑफिसला लेखी विचारायचं, तोंडी नाही.

खाजगी नोकरीत ईपीएस ९५, म्हणजे पीएफ ऑफिसची १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना. पगारातून कापला जाणारा पीएफ वेगळा आणि ही पेन्शन वेगळी, दोन्ही एकाच ऑफिसात म्हणून लोक गोंधळतात. सदस्य पेन्शन सुरू झाल्यावर गेला तर विधवेला त्याच्या पेन्शनच्या निम्मी, किमान १,००० रुपये; नोकरीत असताना गेला तर हिशोब वेगळा. रक्कम लहान आहे हो, पण मुलांचं गणित यात इंटरेस्टिंग आहे, त्यावर पुढे येतो.

एनपीएसवाल्यांचं, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेतल्यांचं, वेगळंच. तिथे अॅन्युइटी (जमलेल्या पैशातून दरमहा मिळणारं उत्पन्न) घेताना जो पर्याय निवडला आणि नॉमिनी म्हणून जे नाव टाकलं त्यावर बरंचसं. आणि १ एप्रिल २०२५ पासून केंद्राची युनिफाइड पेन्शन स्कीम आली त्यात मागे राहिलेल्या जोडीदाराला ६० टक्के मिळतात, पण जोडीदार कोण, तर रिटायर झाला त्या तारखेला जो कायदेशीर जोडीदार होता तो. म्हणजे रिटायरमेंटनंतर घटस्फोट घेऊन नवं लग्न केलेल्यांनी हे आधीच वाचून ठेवावं. जुन्या पेन्शनमध्ये असं नाही, तिथे रिटायर झाल्यावर केलेल्या लग्नाच्या बायकोलाही फॅमिली पेन्शन मिळते, १९८९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून.

मुलांचा वाटा, जो सगळे विसरतात

घटस्फोट नवरा-बायकोत होतो, बाप-लेकात होत नाही. हे एवढं उघड असूनही दर वेळी कोणीतरी बाई मला सांगते की मी सोडलं ना सगळं, मग मुलाला कसं मिळेल. मिळतं.

केंद्राच्या नियमात स्पष्ट कलम आहे. मृत कर्मचाऱ्याच्या मागे विधवा आहे, पण घटस्फोटित पत्नीपासून झालेलं पात्र मूलही आहे, तर त्या मुलाला त्याच्या आईला घटस्फोट झाला नसता तर जो वाटा मिळाला असता तो मिळतो. उदाहरण घेऊ. शेवटचा मूळ पगार ६०,०००. साध्या दराने फॅमिली पेन्शन १८,०००. पहिल्या बायकोशी रीतसर घटस्फोट, तिच्याकडे १६ वर्षांचा मुलगा, मग त्याने दुसरं लग्न केलं आणि काही वर्षांनी तो गेला. दुसऱ्या बायकोला पूर्ण १८,००० नाही, ९,०००. उरलेले ९,००० मुलाला, तो अज्ञान, म्हणजे १८ च्या आतला, असेल तोवर पालकाच्या, म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या आईच्या मार्फत. महागाई भत्ता दोघांनाही आपापल्या रकमेवर. मुलगा २५ चा झाला, किंवा कमवायला लागला, किंवा लग्न झालं, जे आधी होईल तेव्हा त्याचा वाटा थांबतो पण बुडत नाही, त्याला पात्र सख्खं भावंड नसेल तर तो विधवेकडे जातो. मूल दिव्यांग असेल आणि स्वतःच्या पायावर उभं राहू शकत नसेल तर आयुष्यभर.

दुसरं लग्न केलंच नसेल तर आणखी सोपं, विधवा कोणी नाही, मुलांना पूर्ण पेन्शन, आधी मोठ्याला, त्याची पात्रता संपली की धाकट्याला, एका वेळी एकच. जुळी असतील तर दोघांत सारखी.

ईपीएस ९५ मध्ये विधवा असेल तर मुलांना विधवा पेन्शनच्या २५ टक्के प्रत्येकी, एका वेळी दोन मुलं, मोठ्यापासून सुरू करून, वयाच्या २५ पर्यंत. यात पहिल्या लग्नाची मुलं वयाने मोठी असल्यामुळे ती आधी नंबरात लागतात, दुसऱ्या संसारात यावरून बरीच भांडणं होतात पण नियम तसा आहे. आणि विधवा कोणीच नसेल तर मुलांना २५ नाही तर ७५ टक्के, अनाथ पेन्शन म्हणून, किमान ७५० रुपये. नाव ऐकून आया दचकतात, माझं पोर अनाथ कसं, मी जिवंत आहे ना. बाई, सदस्याच्या मागे विधवा पेन्शन घेणारं कोणी नाही एवढाच त्याचा अर्थ, नावावर जाऊ नका, क्लेम भरा. फॉर्म १०डी.

मग घटस्फोट झाला की लगेच काय करायचं, तर मुलांची नावं कर्मचाऱ्याच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये, कुटुंबाच्या तपशिलाच्या फॉर्ममध्ये आहेत का हे बघायचं. बाप चांगला असेल तर तोच भरून देतो. नसेल तर आईने मुलाची पालक म्हणून ऑफिसला लेखी कळवायचं, मुलाचा जन्मदाखला आणि डिक्रीची सर्टिफाइड कॉपी जोडून, आणि पोच घ्यायची. बाप जिवंत असताना केलेला हा एक अर्ज नंतर फार उपयोगी पडतो कारण दुसऱ्या घरचे लोक क्लेम करताना ही मुलं आहेत हे सांगतीलच असं नाही, आणि एकदा पूर्ण पेन्शन विधवेच्या खात्यात जायला लागली की गेलेले पैसे परत मिळवणं म्हणजे वर्षानुवर्षांचं काम.

सही करायच्या आधी

हा भाग ज्यांची केस अजून चालू आहे त्यांच्यासाठी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, कारण डिक्री झाल्यावर हातात फार काही उरत नाही.

म्युच्युअल कन्सेंटमध्ये, म्हणजे दोघांच्या संमतीच्या घटस्फोटात, कन्सेंट टर्म्स (ठरलेल्या अटी) लिहितात, त्यात कधी कधी एक गोड वाक्य असतं की माझ्या पश्चात माझी पेन्शन हिलाच मिळावी, माझी हरकत नाही. या वाक्याची किंमत शून्य. फॅमिली पेन्शन ही कर्मचाऱ्याची इस्टेट नाहीच, ती नियमाने ठरलेल्या माणसालाच जाते, मृत्युपत्राने सुद्धा दुसऱ्याला देता येत नाही. १९९१ मध्ये रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे सांगून टाकलंय. त्यामुळे या वाक्याच्या बदल्यात पोटगीची रक्कम कमी करून घेत असाल तर तुम्ही हवेच्या बदल्यात पैसे सोडताय.

त्यापेक्षा हिशोब मांडा. वरच्याच उदाहरणात १८,००० महिना म्हणजे वर्षाला २,१६,०००, महागाई भत्ता सोडून. नवरा वयाने मोठा असेल आणि बाई पन्नाशीत असेल तर ती किती वर्षं मागे राहील याचा अंदाज बांधता येतो. ही रक्कम तुम्ही घटस्फोटात सोडून देताय, हे समोरच्याला आणि कोर्टाला आकड्यात दाखवा. वकील बहुतेक वेळा फ्लॅट, दागिने, मुलांची फी यावर बोलतात, फॅमिली पेन्शनचा विषय निघतच नाही कारण ती आज दिसत नाही. गोव्यात दोघांच्या सामायिक मालमत्तेत अर्धा वाटा हा कायद्याचाच भाग आहे, पण फॅमिली पेन्शनसाठी ते लोकही माजी जोडीदार म्हणून हक्क सांगू शकत नाहीत.

मग मागायचं काय? एक, दरमहा पोटगीपेक्षा एकरकमी. दरमहा पोटगी साधारणपणे देणारा जिवंत असेपर्यंतच, आणि घटस्फोटित बाई हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात विधवा म्हणून त्याच्या इस्टेटीतून निर्वाह मागू शकत नाही. दोन, दरमहाच घ्यायची असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये पोटगीचा बोजा त्याच्या स्थावर मालमत्तेवर चढवायची सोय आहे, ती मागा. हे कलम वकिलाला दाखवून आग्रह धरा आणि आदेश झाला की सात-बारावर किंवा सोसायटीत त्याची नोंद करून घ्या, नाहीतर फ्लॅट कधी विकला गेला तेही कळायचं नाही. तीन, मुलांसाठी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली टर्म इन्शुरन्स, एजंट लोक एमडब्ल्यूपी पॉलिसी म्हणतात ती. घटस्फोटित बापही मुलांच्या नावाने अशी पॉलिसी घेऊ शकतो आणि ते पैसे त्याच्या कर्जदारांना किंवा बाकीच्या वारसांना हात लावता येत नाहीत. कन्सेंट टर्म्समध्ये पॉलिसी नंबर आणि हप्ता कोण भरणार हे लिहून घ्या.

तो जिवंत असताना पोटगी थकवत असेल आणि रिटायर झालाय म्हणून माझ्या पेन्शनला हात लावता येत नाही असं सांगत असेल, तर १८७१ च्या पेन्शन कायद्याचं कलम ११ जप्तीपासून संरक्षण देतं हे खरं आहे, पण मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने बायकोच्या निर्वाहाच्या बाबतीत ते आड येत नाही असं धरलंय. हे वकिलाला सांगा.

आणि एक पर्याय मी पन्नाशीपुढच्या जोडप्यांना आवर्जून विचारायला सांगतो, दोघांनाही पुन्हा लग्न करायचं नसेल तर घटस्फोटाऐवजी न्यायिक विभक्तता चालेल का. वेगळं राहता येतं, पोटगी मागता येते आणि फॅमिली पेन्शनचा हक्क वर सांगितल्याप्रमाणे राहतो. यात एक मेख आहे, विभक्ततेच्या डिक्रीनंतर वर्षभर एकत्र आले नाहीत तर दोघांपैकी कोणीही त्याच आधारावर घटस्फोट मागू शकतं. म्हणजे कायमची हमी नाही. शिवाय ज्या नवऱ्याने मारलंय त्याच्याशी कागदावरचं नातंही नको वाटणं हे मी समजू शकतो, पेन्शनसाठी कोणी कुढत बसावं असं माझं म्हणणं नाही. पण हिशोब माहीत असून सोडणं वेगळं आणि माहीतच नसणं वेगळं.

बायको नोकरीला असेल तर

आतापर्यंत उलटी बाजू राहिली होती. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांसाठी जानेवारी २०२४ मध्ये चांगला बदल झाला. घटस्फोटाची केस पेंडिंग आहे, किंवा नवऱ्यावर कौटुंबिक हिंसाचार, हुंडा प्रतिबंधक कायदा किंवा दंडसंहितेखाली केस टाकलेली आहे, तर ती ऑफिसला लेखी विनंती करू शकते की माझं काही झालं तर फॅमिली पेन्शन नवऱ्याच्या आधी माझ्या पात्र मुलांना द्या. पूर्वी केस पेंडिंग असताना बाई गेली तर ज्याच्यावर तिने केस केली तोच पेन्शन घेऊन जायचा. आता विनंती फाइलला असेल तर मुलांना आधी. पण विनंती केलेली असली पाहिजे, आपोआप होत नाही. मूल अज्ञान असेल आणि पालक नवराच असेल तर पैसे त्याच्या हातून जातात, आणि मुलांची पात्रता संपली की मग नवऱ्याला, पुनर्विवाह किंवा मृत्यूपर्यंत.

नॉमिनेशन हा पूर्ण वेगळा विषय

फॅमिली पेन्शनला नॉमिनेशन चालत नाही, पण पीएफ, जीपीएफ (सरकारी कर्मचाऱ्यांचा पीएफ), ग्रॅच्युइटी, विमा, बँक यांना चालतं, आणि घटस्फोट झाला म्हणून जुनं नाव आपोआप पुसलं जाईल असं गृहीत धरू नका. दुसऱ्या लग्नाच्या बायकोला पेन्शन आणि पीएफच्या कागदावर पहिलीचं नाव, असला प्रकार सर्रास दिसतो. मग ऑफिस दोघींनाही सांगतं कोर्टातून आणा. सर्वसाधारणपणे नॉमिनी हा पैसे घेणारा हात असतो, मालक वारस असतात, पण तो हात कोणाचा यावरूनच पाच-सात वर्षं जातात. डिक्री मिळाली की त्याच महिन्यात पीएफच्या यूएएन पोर्टलवर ई-नॉमिनेशन, ऑफिसात ग्रॅच्युइटीचा फॉर्म, एलआयसी, बँक, सगळं नव्याने भरा. ईडीएलआयचा, म्हणजे पीएफला जोडलेला, विमा ७ लाखांपर्यंत असतो, पीएफच्या नॉमिनेशनबरोबरच तो जातो, हे लोकांच्या लक्षात नसतं.

घटस्फोटित मुलगी: सासरची गेली तरी माहेरची

ही गोष्ट मी प्रत्येक घटस्फोटितेला विचारतो, तुमचे वडील किंवा आई सरकारी पेन्शनर होते का? केंद्राच्या नियमात घटस्फोटित मुलीला आई-वडिलांच्या मागे फॅमिली पेन्शन मिळू शकते, वय २५ च्या पुढे असलं तरी. अटी अशा की आईचा (किंवा वडिलांचा) नंबर आधी, पंचविशीच्या आतली भावंडं किंवा दिव्यांग भावंड असेल तर ते आधी, मुलगी त्यांच्यावर अवलंबून असली पाहिजे, आणि तिचं स्वतःचं उत्पन्न किमान फॅमिली पेन्शन म्हणजे ९,००० अधिक महागाई भत्ता याच्या आत असलं पाहिजे. पुन्हा लग्न केलं की बंद.

इथली खरी अडचण तारखेची. पूर्वी आई-वडील जिवंत असतानाच डिक्री झालेली हवी असं होतं, आणि आपल्याकडे केस दहा-दहा वर्षं चालते, तोवर आई-वडील गेलेले. जुलै २०१७ च्या आदेशाने हे सैल केलं, आता आई किंवा वडील यांच्यापैकी कोणी एक जिवंत असताना कोर्टात केस दाखल झालेली असेल तर डिक्री नंतर आली तरी चालते. म्हणून केस दाखल केल्याच्या तारखेचा कागद, केस नंबरसकट, जपून ठेवा. माहेरी येऊन नुसतं राहिलेल्या, केस न टाकलेल्या मुलींना यात काहीच मिळत नाही. नांदवत नाही आणि सोडतही नाही अशा अवस्थेत वर्षं काढणाऱ्यांनी वडील आहेत तोवर याचा विचार करावा, वाईट वाटलं तरी.

अमेरिकेतल्या मंडळींसाठी थोडं

तिकडे चित्र बरंच उलटं आहे. सोशल सिक्युरिटीत, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनमध्ये, लग्न किमान १० वर्षं टिकलं असेल तर घटस्फोटित जोडीदारालाही माजी जोडीदाराच्या मृत्यूनंतर सर्व्हायव्हर बेनिफिट (मागे राहिलेल्याची पेन्शन) मिळतो, वयाच्या ६० पासून, अपंगत्व असेल तर ५० पासून. साठीच्या आधी पुन्हा लग्न केलं आणि ते टिकून असेल तर नाही, साठीनंतर केलं तर चालतं. आणि माजी बायकोने घेतलं म्हणून आताच्या बायकोचं कमी होत नाही. त्यामुळे साडेनऊ वर्षांवर डिक्री घेणाऱ्यांनी कॅलेंडर बघा. कंपनीची पेन्शन आणि ४०१के (नोकरीतलं निवृत्तीचं बचत खातं) मात्र वेगळ्या, तिथे कोर्टाचा वाटणीचा, क्यूड्रो नावाचा आदेश लागतो, आणि तो घटस्फोटाच्या वेळीच करून प्लॅनकडे मंजूर करून घ्यायचा. बेनिफिशियरी फॉर्मही बदला, माजी जोडीदाराचं नाव फॉर्मवर राहिलं म्हणून पैसे त्यांनाच गेले अशा केस तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्यात, आणि फॉर्मच जिंकलाय.

माणूस गेल्यावर क्लेम कसा लावायचा

नोकरीत असताना गेला तर अर्ज ऑफिसप्रमुखाकडे, पेन्शनर होता तर जिथून पेन्शन यायची ती बँक किंवा कोषागार. मुलाचा वाटा मागताय तर पीपीओमध्ये त्याचं नाव नसणार, मग फाइल पुन्हा मूळ ऑफिसकडे आणि तिथून पेन्शन मंजूर करणाऱ्या कार्यालयाकडे जाते, महाराष्ट्रात ते महालेखापाल, मुंबई किंवा नागपूर. वेळ लागतो, म्हणून पहिल्याच दिवशी दोन्हीकडे अर्ज द्या.

सोबत मृत्यूचा दाखला, घटस्फोटाच्या डिक्रीची सर्टिफाइड कॉपी (झेरॉक्स नाही), मुलाचा बापाच्या नावासकट जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पालकाचे आणि मुलाचे आधार, पॅन, मुलाच्या नावाचं बँक खातं, फोटो, आणि मूल कमवत नाही, लग्न झालेलं नाही याचं प्रतिज्ञापत्र. आईचं नाव घटस्फोटानंतर बदललं असेल तर राजपत्राची प्रत, नाहीतर जन्मदाखल्यावरची आई आणि अर्जावरची आई एकच हे पटवण्यात महिने जातात.

ऑफिस वारस दाखला मागेल. आपल्याकडे दिवाणी कोर्टातून १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली वारस दाखला मिळतो, थकीत पगार, न घेतलेली पेन्शन, वाद असलेली ग्रॅच्युइटी यासाठी तो लागू शकतो. पण फॅमिली पेन्शन वारसाहक्काने मिळत नाही, नियमाने मिळते, त्यामुळे नियमात मुलाचा हक्क स्पष्ट असताना त्यासाठी कोर्टात पाठवत असतील तर कुठल्या नियमाखाली मागताय ते लेखी द्या असं अर्जात लिहा. नव्वद टक्के वेळा ते उत्तर येत नाही आणि फाइल पुढे सरकते.

दुसऱ्या घरच्यांनी आधीच क्लेम लावला असेल तर ट्रेझरी किंवा बँक आणि मूळ ऑफिस दोघांनाही त्याच दिवशी लेखी हरकत द्या, मुलाच्या नावाने, पालक म्हणून तुमच्या सहीने, आणि त्यात वाट्याची मागणी आकड्यात करा. उत्तर आलं नाही तर केंद्राच्या पेन्शनसाठी सीपेनग्राम्स पोर्टलवर तक्रार, नाहीतर पेन्शन अदालत. तिथे वकील लागत नाही, फक्त तारखांचा एक पानी कागद नीट करून न्या, लग्न कधी, केस कधी, डिक्री कधी, मुलाचा जन्म कधी, मृत्यू कधी, अर्ज कधी दिला आणि पोच नंबर काय.